डोंगर आणि दर्या यांच्यामधली सुंदरवाडी

महाराष्ट्राचा नकाशा पुढे पसरून त्याच्या दक्षिणेकडील किनाऱ्याच्या अगदी शेवटच्या टोकावर बोट ठेवले, की ते सावंतवाडीच्या आसपास पडते. पूर्वेस सह्याद्रीची उभी भिंत, पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस हाकेच्या अंतरावर गोमंतक, आणि या तिघांच्या मध्ये, एका तळ्याच्या काठी वसलेले हे टुमदार गाव. ग्वाल्हेरच्या उन्हातान्हात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे स्थळ फार दूरचे वाटेल. तथापि ते परके मात्र नाही. शिंदे घराण्याची एक कन्या अठराव्या शतकात या गावची राणी होऊन गेली, आणि त्या सोयरिकीचे पडसाद थेट दिल्लीच्या दरबारापर्यंत उमटले. त्या नात्याची, त्या गावाच्या घडणीची आणि तेथील कारागिरांनी आजवर जिवंत ठेवलेल्या एका खेळाची ओळख आमच्या विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम भूगोल पाहू. कारण या गावाचा इतिहास त्याच्या भूगोलातूनच उपजला आहे. सावंतवाडीहून पूर्वेकडे सुमारे तीस किलोमीटर घाट चढून गेले म्हणजे आंबोली लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवरच्या या गावी वर्षाकाठी सात मीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. ग्वाल्हेरला एक मीटरभर पाऊस झाला, तरी आपण त्या सालाला चांगले साल म्हणतो. यावरून त्या वर्षावाची कल्पना करावी. पश्चिमेकडे जवळपास तेवढेच अंतर उतरून गेले म्हणजे वेंगुर्ले बंदर येते. सतराव्या शतकात तेथे डच व्यापाऱ्यांनी वखार घातली होती; तिचे भग्नावशेष आजही उभे आहेत. घाटावरचे धान्य, कापूस व गूळ बंदराकडे उतरत असे. नारळ, सुपारी, मीठ आणि सुकी मासळी बंदरावरून घाटाकडे चढत असे. ओझ्याच्या बैलांचे तांडे ज्या वाटेने जात, त्या वाटेवर विसाव्याचे ठिकाण हवे, पाणी हवे, बाजार हवा आणि वाटेवर नजर ठेवणारी सत्ताही हवी. डोंगर आणि दर्या यांच्यामधल्या या गरजेतूनच सावंतवाडी मोठी झाली.

मूळचे गाव चराठे. 'वाडी' ही त्याचीच एक वस्ती. सावंत-भोसले घराण्याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपले ठाणे येथे आणले, तेव्हा तिला 'सुंदरवाडी' असे नाव पडले. पुढे सावंतांची वाडी म्हणून 'सावंतवाडी' हे नाव रूढ झाले. राज्य लहान, पण त्याचे शेजारी मोठे व बलाढ्य. दक्षिणेस पोर्तुगीज, घाटावर कोल्हापूरकर, समुद्रावर आंग्रे आणि पुढे इंग्रज. या सर्वांच्या मध्ये कधी लढून, कधी तह करून, तर कधी दोघांना एकमेकांवर सोडून या राज्याने आपले अस्तित्व टिकविले.

आता आपल्या नात्याकडे वळू. इ. स. १७५५ ते १८०३ या काळात सावंतवाडीस तिसरे खेम सावंत राज्य करीत होते. इ. स. १७६३ मध्ये त्यांचा विवाह जयाप्पा शिंदे यांची कन्या लक्ष्मीबाई यांच्याशी झाला. जयाप्पा हे राणोजी शिंद्यांचे पुत्र. ते १७५५ साली मारवाडात नागोरच्या वेढ्याच्या वेळी मारले गेले, आणि लक्ष्मीबाईंचे बंधू जनकोजी १७६१ साली पानिपतच्या संग्रामात कामास आले. पिता आणि बंधू असे दोघेही गमावलेली ही मुलगी विवाहानंतर दूर कोकणात, घाटाखालच्या एका छोट्या संस्थानात गेली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्या काळी शिंद्यांचे मुख्य ठाणे उज्जैन होते. ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली लष्कर वसवून दौलतरावांनी येथे राजधानी आणली ती १८१० साली. म्हणजे आज आपण ज्या लष्करच्या गल्ल्यांतून शाळेला येतो, त्या गल्ल्या वसण्याच्या आधीपासूनची ही सोयरीक आहे.

या विवाहाचा परिणाम लवकरच दिसून आला. शिंद्यांच्या वजनामुळे दिल्लीच्या बादशहाने खेम सावंतांना 'राजे बहादूर' हा किताब दिला. कोल्हापूरच्या दरबारास हा मान रुचला नाही. कोल्हापूरकरांनी वाडीवर स्वारी करून काही डोंगरी किल्ले घेतले. परंतु शिंद्यांनी मध्ये पडून ते पुढे परत करविले. खेम सावंत १८०३ साली निपुत्रिक वारले. वारशाचा तंटा दोन वर्षे चालला, आणि अखेर १८०५ साली लक्ष्मीबाईंनी दत्तक घेतला. ते मूलही तीन वर्षांतच भाऊबंदकीला बळी पडले. पुढे १८१२ साली वेंगुर्ले बंदर इंग्रजांच्या स्वाधीन करणे वाडीकरांना भाग पडले, आणि १८३८ साली राज्याचा कारभारच इंग्रजांनी आपल्या हाती घेतला. एवढ्या उलथापालथीत या राज्याने तलवारीच्या बळावर मिळविलेले फारसे काही उरले नाही. जे उरले, ते रंगाच्या कुंचल्याने व सुताराच्या पटाशीने मिळविलेले होते.

गावात शिरताच प्रथम दृष्टीस पडतो तो मोती तलाव. १८७४ साली बांधलेल्या या तळ्याच्या एका काठाशी राजवाडा आहे, दुसऱ्या अंगास बाजारपेठ आहे, आणि पाठीशी नरेंद्र डोंगराची हिरवी कमान आहे. राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला. कोकणात काळा पाषाण फोडून आणण्यापेक्षा तांबडा जांभा दगड खणून काढणे सोपे. तो जमिनीत असताना मऊ असतो आणि उघड्या हवेत कठीण होतो. या जांभ्याच्या भिंती, उतरती कौलारू छपरे आणि पुढे पाऊस झेलणारी रुंद पडवी, हाच येथील घरांचा सर्वसाधारण थाट. आपल्याकडे वाड्यांना सपाट गच्च्या असतात आणि उन्हाळ्यात आपण त्यांवर निजतो. तिकडे गच्ची बांधणारा मनुष्य पहिल्याच मृगात पस्तावेल!

परंतु सावंतवाडीचे खरे भूषण राजवाड्यात नसून बाजाराजवळच्या चितार आळीत आहे. चितारी म्हणजे चित्रे काढणारे. या आळीत पिढ्यान्‌पिढ्या लाकडी वस्तू घडविल्या आणि रंगविल्या जात आहेत. हलक्या कामासाठी पांगाऱ्याचे लाकूड वापरतात. आमच्या कोंकणीत त्याला 'पांगारो' म्हणतात. उन्हाळ्याच्या आधी लालभडक फुलांनी पेटून उठणारे हे झाड कुंपणाला व मिरीच्या वेलांना आधार म्हणून लावतात. त्याचे लाकूड इतके मऊ, की त्याचा तुळईला उपयोग नाही; पण त्यातून आंबा, फणस, केळी, सीताफळ, मिरची, वांगे अशी फळे व भाज्या कोरल्या, घासल्या आणि रंगविल्या, म्हणजे पाहुण्यांच्या पुढ्यात ठेवलेल्या तबकातून खरे फळ कोणते व खोटे कोणते हे ओळखणे अवघड व्हावे. पाळणे, पाट, देव्हारे, भोवरे आणि मुलींच्या भातुकलीची इवलीशी भांडी ही येथली दुसरी उत्पादने. गोल वस्तू चरकावर फिरवीत असताना तिच्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर एकसारखी बसते. रंग लावण्याची ही रीत किती साधी आणि किती चतुर!

या सर्व वस्तूंत मुकुटमणी शोभावा असा खेळ म्हणजे गंजिफा. गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेले गोल पत्ते. हा खेळ इराणाकडून हिंदुस्थानात आला. बाबराने १५२७ साली सिंधकडे कोणा स्नेह्यास गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. अकबराच्या दरबारातील गंजिफांचे वर्णन अबुल फजलाने 'आइन-इ-अकबरी' या ग्रंथात केले आहे, आणि त्या अबुल फजलाची कबर आपल्या ग्वाल्हेरजवळच्या आंतरी गावी आहे, हे अनेकांना ठाऊक नसेल. मोगली डावात आठ रंग व ९६ पाने असत. हिंदू कारागिरांनी हा परदेशी खेळ घेतला आणि त्याला आपल्या पुराणांचे रूप दिले. बादशहा व खजिना यांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले, आणि दशावतारी गंजिफांचा १२० पानांचा डाव सिद्ध झाला. सावंतवाडीस ही कला तिसऱ्या खेम सावंतांच्या काळी तेलंगणातून आलेल्या विद्वान ब्राह्मणांमुळे पोचली, असे परंपरेने सांगतात.

गंजिफा तयार करण्याचे काम चिकाटीचे आहे. जुन्या पद्धतीत कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्यांच्या खळीने एकमेकांवर चिकटवीत. त्यावर खडूचा लेप देऊन तो वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटीत. मग त्यातून गोल चकत्या कापून, प्रत्येक रंगाची भूमी वेगळी देऊन, बारीक कुंचल्याने चित्रे काढीत, आणि शेवटी लाखेचा हात फिरवीत, म्हणजे पाने हातातून सहज सरकत आणि घामाने बिघडत नसत. जाणत्या हातांनीही एक पूर्ण डाव सिद्ध करायचा म्हणजे १२० चित्रे काढायची, हे ध्यानात घ्यावे.

आता खेळ कसा चालतो ते सांगतो, कारण माहितीवाचून कौतुक पोकळ असते. दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात बारा पाने: एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. राजाच्या पानावर त्या अवताराचे चित्र असते. आकड्यांच्या पानांवर त्याच्या खुणा मोजून काढलेल्या असतात. मत्स्याची मासोळी, कूर्माचे कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू, रामाचा बाण, याप्रमाणे. तीन गडी खेळतात आणि प्रत्येकाच्या वाट्यास चाळीस पाने येतात. डावात हुकूम नसतो. जो रंग उतरला, त्याच रंगाचे वरचढ पान हात जिंकते. येथे एक गंमत आहे. पाच अवतारांत राजा व प्रधान यांच्या खालोखाल दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाच अवतारांत हाच क्रम उलटा, म्हणजे एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. त्यामुळे खेळणाऱ्याला प्रत्येक पानाच्या वेळी दोन हिशेब सांभाळावे लागतात, आणि गेलेली पाने स्मरणात ठेवावी लागतात. सूर्य वर असताना खेळ मांडला, तर ज्याच्या हाती रामाचा राजा असेल त्याने आरंभ करायचा. रात्री मांडला, तर कृष्णाच्या राजाने. कारण राम मध्यान्ही जन्मला आणि कृष्ण मध्यरात्री! गणित, स्मरण आणि पुराणकथा यांची अशी सांगड घालणारा दुसरा खेळ आम्हांस तरी माहीत नाही.

हेच दहा अवतार सावंतवाडीच्या परिसरात आणखी एका रूपाने भेटतात. भाताची कापणी उरकली, की गावोगाव देवळांच्या जत्रा भरतात आणि दशावतारी मंडळींचे खेळ रात्रभर रंगतात. छापील संहिता नसते. कथा ठरलेली असते आणि संवाद रंगभूमीवर जागच्या जागी सुचतात. स्त्रियांच्या भूमिका परंपरेने पुरुषच करीत आले. अशा रीतीने ज्या कथा चितारी दिवसा पानावर रंगवी, त्याच कथा त्याचा शेजारी रात्री देवळापुढे उभ्या करी. एखादी कला गावात मुरते ती याच कारणाने. तिला चोहोंकडून पाणी मिळत असते.

पुढे हे पाणी आटत गेले. १८८८ साली मार्मागोवा बंदरास रेल्वेने घाटावरचा प्रदेश जोडला गेला, आणि वेंगुर्ल्याच्या वाटेने जाणारा माल तिकडे वळला. छापील विलायती पत्ते काही आण्यांत मिळू लागले. १२० पानांचा हाताने रंगविलेला डाव मग कोण घेणार? १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि दरबारचा आश्रयही संपला. त्यानंतरच्या काळात अशी वेळ आली, की सावंतवाडीत गंजिफा करू जाणणारा कारागीर शोधून काढावा लागे. जी विद्या हातांत राहते, ती पुस्तकांतून परत मिळत नाही. हात थांबले की ती थांबते.

अशा वेळी राजे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७१ च्या सुमारास या कलेस पुन्हा उभे करण्याचे मनावर घेतले. उरल्यासुरल्या जाणकाराकडून ती समजून घेतली, राजवाड्याच्या दरबारी दालनात कारागिरांना बसविले आणि तरुणांना हाताशी धरून शिकविले. राणीसाहेब स्वतः कुंचला घेऊन बसत. शिवरामराजे १९९५ साली आणि सत्त्वशीलादेवी २०१८ साली निवर्तल्या. परंतु ज्या दालनात पूर्वी मुजरे झडत, त्यात आजही कारागीर चित्रे रंगविताना दिसतात. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफांना व लाकडी कामाला भौगोलिक मानांकन मिळाले. या नावाचा माल आता भलत्याच ठिकाणी करून विकता येत नाही, एवढे संरक्षण त्यामुळे लाभले.

मग आता सारे कुशल आहे असे म्हणावे काय? येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. गंजिफांची पाने आज विकली जातात ती बहुधा चौकटीत बसवून भिंतीवर लावण्यासाठी. पाने पुष्कळांनी पाहिली. खेळ येणारे मात्र विरळा. १२० पानांच्या डावापैकी दहा सुंदर राजे घरी नेले, की गिऱ्हाईक संतुष्ट होते; मग सत्तीचे आणि अठ्ठीचे साधे पान रंगविण्याची गरजच काय? चित्र उरेल आणि खेळ जाईल, हे खरे भय आहे. तीच गोष्ट वाटेची. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्णपणे सुरू झाली. ग्वाल्हेरास थांबणारी मंगला एक्स्प्रेस याच मार्गाने दक्षिणेस जाते. पण सावंतवाडी रोड हे स्थानक गावापासून काही किलोमीटर दूर आहे, आणि मुंबई-गोवा महामार्गही आता गावाला वळसा घालून जातो. ज्या गावाला वाटेने जन्म दिला, त्याच्या बाहेरून वाट निघून गेली. वाटसरू गोव्याला जातो; चितार आळीत मुद्दाम वाट वाकडी करणाराच येतो. चितार आळीच्या पुढच्या पिढीने कुंचला हाती धरावा की मुंबईची गाडी धरावी, हा प्रश्न अशा शेकडो लहान हिशेबांतून सुटत असतो.

ग्वाल्हेरकरांना हा प्रश्न समजावून सांगावा लागू नये. आपल्या गावाची गायकी साऱ्या देशात वंद्य मानली जाते. ती टिकली ती तंबोरे काचेच्या कपाटात जपून ठेवल्याने नव्हे. गुरूपुढे शिष्य बसला आणि त्याने गळ्यावर चढेपर्यंत तीच बंदिश घोटली, म्हणून ती टिकली. माधवराव महाराजांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंडे यांच्या योजनेने १९१८ साली येथे माधव संगीत विद्यालय निघाले, ते गाणाऱ्यांची नवी पिढी घडविण्यासाठीच. जे गाण्याचे, तेच खेळाचे. जुन्या गोष्टीचा आदर करणे सोपे आहे, तिचा उपयोग करणे कठीण आहे. आणि उपयोगावाचून आदर फार काळ पुरत नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रांना एक सूचना करावीशी वाटते. सावंतवाडी दूर आहे आणि हाताने रंगविलेला डाव महाग असतो. पण जाड पुठ्ठा, वाटीची गोल कड, कात्री आणि रंगाची पेटी कोणत्याही घरी मिळेल. येत्या सुट्टीत तिघा-चौघांनी मिळून दहा अवतार वाटून घ्यावेत आणि १२० चकत्या कापून रंगवाव्यात. चित्रे ओबडधोबड झाली तरी चालतील; मासोळी मासोळीसारखी आणि कासव कासवासारखे दिसले म्हणजे झाले. आजी-आजोबांना मत्स्यापासून कल्कीपर्यंतच्या कथा विचाराव्यात. त्या सांगताना त्यांनाही आनंद होईल. मग दुपारी घरच्यांना घेऊन डाव मांडावा, आणि रामाचा राजा कोणाच्या हाती आला आहे ते पाहावे. आरंभ त्याने करायचा आहे.